कुंपणावरून मोंबासा

आलात एकदाच्या! आठ दिवस म्हणून कोकणात गेलात वहिनी, नि तुमच्या तुळशीला दोन महिने मी पाणी घातलं. काय म्हणता, सातबारावर अजून भावजींच्या आजोबांचंच नाव? आणि चुलत्यांनी दारात विचारलं, आपण कोण पाव्हणे? हात्तिच्या! घ्या, भिंतीवरूनच चहा घ्या. कप तेवढा परत करा.

आमच्या ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, शरणपूरच्या पोरांपुढे हे काहीच नाही. सकाळभर सार्वजनिक वाचनालयात बसतात ना, घरी येऊन मलाच ऐकवतात. शरणपूर रोडवरून रोज भाजी आणतो आपण, पण तिथे कोण राहायचं ठाऊक आहे? हबशी पोरं! आरबांच्या गलबतांतून इंग्रजांच्या आरमारानं सोडवलेले गुलाम. मुंबईला उतरवायचे, त्यातली काही नाशकात प्राइस नावाच्या पाद्र्याकडे आली. सुतारकाम, लोहारकाम शिकली. नावंही साहेबी मिळाली.

मोठी झाल्यावर निघाली मायदेशी, आफ्रिकेत. तिघं १८६४ साली मोंबासाजवळ रबाईला गेले, बायकांसकट. १८६६ साली आफ्रिका धुंडाळायला निघालेल्या लिव्हिंग्स्टनसाहेबानं नऊ जण बरोबर नेले. त्याच्या रोजनिशीत म्हणे त्यांच्या नावानं नुसती कुरकुर. त्याच तांड्यात विकाटानी नावाचा पोरगा होता. तो आपल्याकडचा नव्हे हो, मुंबईच्या विल्सनसाहेबाच्या शाळेतला. न्यासा सरोवराजवळ पोचले, तर त्याला चक्क भाऊ भेटला! भावाकडून कळलं, ज्यानं आपल्याला विकलं तो बाप मेला. सख्खा बाप, वहिनी. तुमच्या चुलत्यांनी नुसतं ओळखलं नाही, त्याचं काय घेऊन बसलात! विकाटानी तिथेच राहिला. लिव्हिंग्स्टनसाहेबानं त्याला बंदूक दिली, कापड दिलं, नि पुढे चालू लागला.

पण खरी कमाल जेकब वेनराइटची. हा मात्र शुद्ध नाशिकचा. साहेबाच्या मदतीला १८७२ साली गेला. पुढच्या मे महिन्यात साहेब वारला. काळीज तिथेच झाडाखाली पुरलं, प्रार्थना म्हटली जेकबनं, झाडावर नाव कोरलं तेही त्यानंच. मग सगळ्यांनी मिळून ते कलेवर किनाऱ्यापर्यंत वाहून आणलं, आठ-नऊ महिने! जेकब पेटीबरोबर थेट लंडनला. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेत खांदेकऱ्यांत उभा. निघाला होता कुठे, पोचला कुठे!

पुढे १८७५ मध्ये प्राइसनंच मोंबासाला फ्रीअरटाउन वसवलं नि इथली बरीच मंडळी तिकडे नेली. आता तरी घरी पोचली म्हणावं, तर कसलं काय. तिथल्यांना ती परकी, नि गोऱ्या पाद्र्यांशी पगारावरून, मानपानावरून खटके. तिथली घंटा अजून आहे म्हणतात, त्या भागाचं नावच केंगेलेनी. केंगेले म्हणजे घंटा.

मला राग कशाचा आला सांगू? लिव्हिंग्स्टनच्या पुस्तकात ती 'नासिक बॉइज' आहेत. मोंबासात गेल्यावर त्यांचं नाव काय पडावं? 'बॉम्बे आफ्रिकन'! आमच्या गोदेचं पाणी प्यायली, शरणपुरात वाढली, आणि नाव मुंबईचं! आपली द्राक्षं नाही का तिकडे जाऊन मुंबईची होत?

अहो, कप! आणि दोन महिन्यांचं दूधवाल्याचं बिल माझ्याकडे आहे, ते आधी बघा.