वास कसला येतोय?

एसी लावला आणि पहिली झुळूक आली की आमच्या गाडीत चर्चासत्र सुरू होतं. विषय ठरलेला: वास कसला येतोय. आईच्या मते ओल्या गोणपाटाचा. बायकोच्या मते माझ्या जिमच्या बुटांचा. मी जिमला जात नाही, हा मुद्दा पुराव्याअभावी फेटाळला जातो. मुलीचं मत नेहमीच टोकाचं असतं. "बाबा, आत काहीतरी मेलंय." मग एकमताने ठराव होतो आणि डॅशबोर्डवर लिंबाच्या सुगंधाची बाटली चिकटवली जाते. त्यानंतर गाडीत लिंबू पिळलेल्या ओल्या गोणपाटाचा वास येऊ लागतो.

या खटल्यातला खरा आरोपी पुढे बसणाऱ्याच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर, ग्लोव्हबॉक्सच्या मागे निवांत पडलेला असतो. त्याचं नाव केबिन एअर फिल्टर. चौकटीत घड्या घालून बसवलेलं, वहीच्या आकाराचं पांढरं कागदी कापड. वायपरखालच्या जाळीतून येणारी हवा, आणि बहुतेक गाड्यांत आतल्या आत फिरणारी हवासुद्धा, यातून गाळून एसीच्या कॉइलवर जाते आणि तिथून आपल्या नाकात. कॉइल थंड, म्हणून कायम ओली. त्यात धूळ, अंधार आणि बंद दार. बुरशीला याहून सोयीचा वन बीएचके पुण्यात मिळायचा नाही.

बॉनेट उघडून मेकॅनिक जो फिल्टर दाखवतो, तो हा नव्हे. तो इंजिनाचा. त्याची आम्ही फार काळजी घेतो, कारण तो तुंबला तर अ‍ॅव्हरेज पडेल अशी धास्ती असते. केबिनचा तुंबला तर फक्त माणसं शिंकतात, आणि शिंकण्याला पेट्रोल लागत नाही.

तर हा बदलायचा कधी? गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत याचं उत्तर छापलेलं असतं, पण पुस्तिका अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत असते आणि ती फोडणं अपशकुन समजलं जातं. गाडीगणिक आकडा बदलतो. साधारणपणे १०,००० ते १५,००० किलोमीटर किंवा वर्ष, यातलं जे आधी होईल ते. आणि शेवटी बारीक अक्षरात एक ओळ: धुळीच्या भागात याहून लवकर. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा जैसलमेर असावं. आमच्या सोसायटीसमोरचा रस्ता आधी ड्रेनेजसाठी खणला, बुजवला, मग पाण्यासाठी खणला, बुजवला, मग केबलसाठी खणला आणि बुजवायचं राहिलं. आम्ही धुळीच्या भागात राहत नाही, धूळच आमच्या भागात राहते.

शिवाय किलोमीटरचा हिशेबच मला पटत नाही. एक्सप्रेसवेवरून मुंबईला जाऊन आलं की तीनशे किलोमीटर सहज होतात आणि फिल्टरचं फारसं काही बिघडत नाही. तेच संध्याकाळी नवले पुलाखाली डंपरच्या मागे तासभर उभे राहा. मीटरवर दोन किलोमीटर, आणि पंखा तेवढा वेळ डंपरचा धूर आत ओढत बसलेला. फिल्टरला चाकं किती फिरली याच्याशी देणंघेणं नसतं, पंखा किती वेळ आणि कुठल्या हवेत फिरला याच्याशी असतं. पण पंख्याच्या तासांचं मीटर आपल्या गाड्यांत सहसा नसतं. अमेरिकेत टेस्लाने २०१५ साली जैविक हल्ल्यापासून वाचवणारं बटण असलेली गाडी आणली. त्यामागे भलामोठा हेपा फिल्टर आहे. आपल्याकडे एवढं नको, डंपरपासून वाचवणारं चालेल.

मीटर नसल्यामुळे मग माणसं पुढे येतात. सर्व्हिस सेंटरमधला तरुण इस्त्रीचा शर्ट घालून, हातात टॅब घेऊन येतो आणि चेहऱ्यावर दुखवट्याचा भाव आणून म्हणतो, "सर, केबिन फिल्टर पूर्ण चोक आहे." सोबत पुरावा म्हणून एक काळाकुट्ट फिल्टर. त्यात दोन पिंपळपानं, एक माशी आणि मूठभर माती. आपण हादरतो. माझी शंका अशी, की तो फिल्टर कुणाचाच नसावा. तिथे पिढ्यानपिढ्या जपून ठेवलेला असावा आणि दर ग्राहकाला दर्शन देऊन परत कपाटात जात असावा. कारण आमच्या पार्किंगच्या आसपास पिंपळ नाही.

याच्या अगदी उलट कोपऱ्यावरचा गॅरेजवाला. त्याच्या शास्त्रात बदलण्यासारखं काही नसतंच. "साहेब, हवा मारून देतो, अजून वर्षभर बघायला नको." कॉम्प्रेसरची नळी लावून तो असा काही फवारा सोडतो की परिसरातले सगळे खोकतात आणि फिल्टर उजळल्यासारखा वाटतो. उजळतो तो वरचा थर. उरलेली धूळ धाग्यांत आणखी खोल जाऊन बसते, आणि जोर जास्त झाला तर धागेच विस्कटतात. माझ्या सासऱ्यांनी याही पुढची पायरी गाठली. त्यांनी फिल्टर साबणाच्या पाण्यात भिजवून, खळबळून, गॅलरीत दोरीवर चिमटे लावून वाळत घातला. या कापडावर बऱ्याचदा स्थिर विद्युतभार दिलेला असतो, बारीक कण त्यानेच ओढले जातात, धुतला की तो भार जातो, हे मी त्यांना सांगून पाहिलं. "जावईबापू," ते म्हणाले, "तुमच्या गाडीचा तुम्ही तीनशे-चारशे रुपये देऊन बदला. आमचा दिसायला तर नवा आहे ना?" दिसायला नवा होता, हे मान्य करावं लागलं. घड्यासुद्धा त्यांनी इस्त्रीने पुन्हा पाडल्या होत्या.

शेजारच्या काकांचा प्रश्न मात्र मुळातूनच सुटला. त्यांना कधी वास आला नाही, कधी खर्च आला नाही. एकदा कौतुकाने उघडून पाहिलं तर आत फिल्टरच नव्हता, नुसती रिकामी खाच. काही गाड्यांच्या सगळ्यात स्वस्त मॉडेलमध्ये तो दिलेलाच नसतो. तेव्हापासून काका कंपनीवर रागावले आहेत आणि त्यांना वासही येऊ लागला आहे.

म्हणून ज्याने त्याने उघडून पाहावं हे बरं. बहुतेक लहान गाड्यांत स्क्रूड्रायव्हरही लागत नाही. ग्लोव्हबॉक्स रिकामा करायचा, दोन्ही बाजू आत दाबायच्या, की तो खाली लोंबतो आणि मागे फिल्टरचं झाकण दिसतं. कठीण भाग आहे तो "रिकामा करायचा" हा. आमच्या ग्लोव्हबॉक्समधून निघालेल्या वस्तू: मुदत संपलेल्या पीयूसी, अक्कलकोटचा अंगारा, एका पायाचा मोजा, आवळा सुपारी, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका (त्यांना आता शाळेत जाणारा मुलगा आहे), आणि फास्टॅगच्या आधीच्या काळातल्या टोलच्या पावत्या, सुतळीने बांधून. मागच्या खाचेत शेंगदाण्याची टरफलं आणि आसनाचा स्पंज निघाला. पावसाळ्यात उंदीर तिथे संसार थाटतात, त्यांना कापूस घरबसल्या मिळतो. मुलीचं "काहीतरी मेलंय" थोडक्यात चुकलं होतं. जे होतं, ते जिवंत असताना जेवून निघून गेलं होतं.

त्या पीयूसीतली एक मात्र ठेवून द्यावी. फॅन चारवर करायचा आणि ती एसीच्या जाळीसमोर धरायची. आवाज दणदणीत येतोय आणि कागद जागचा हलत नाही, तर तारीख, किलोमीटर, सासरे, कुणालाही विचारू नये. विशेषतः ताम्हिणीत उतरताना काच आतून धुरकटली आणि हवेचा जोर नसेल, तर बाजूला बसलेल्याने पेपरने काच पुसत बसायचं आणि चालवणाऱ्याने देवाचं नाव घ्यायचं, एवढंच उरतं.

माझं स्वतःचं मत दसऱ्याच्या बाजूने आहे. पाऊस संपलेला असतो, ओल धरलेला फिल्टर बुरशीसकट निघून जातो, पुढच्या हिवाळ्याच्या धुळीला कोरा मिळतो. शिवाय त्या दिवशी गाडी धुऊन, झेंडूचा हार घालून पूजेला उभी असतेच, वेगळा मुहूर्त काढावा लागत नाही. आईला ही कल्पना इतकी आवडली की तिने नव्या फिल्टरलाही हळदकुंकू लावायला घेतलं. मी घाईघाईने चौकटीवर छापलेला बाण दाखवला. हवा त्या दिशेने जाते, म्हणून लावायचंच तर बाणाच्या शेपटीकडच्या अंगाला लाव, म्हणजे ते तिथेच अडकेल. तिने ऐकून घेतलं, चष्मा वर केला आणि टोकाकडच्या अंगाला पाच बोटं उमटवली. देवाला पाठीमागून कुंकू लावतात का, असा तिचा सवाल होता. मग फॅन चारवर केला. सोनं द्यायला गेलो त्या घरी आम्हा चौघांना पाहून त्यांनी आधी विचारलं, जेजुरीहून आलात का.