'डिअर'ची मात्रा

नांदगावकर इंग्रजी शिकतो ते दोन मार्गांनी. एक व्याकरणमार्ग. त्याचा प्रमाणग्रंथ तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. साधने छडी, घोकंपट्टी आणि क्रियापदाची तीन रूपे. दुसरा गानमार्ग. पहिल्या मार्गाचे वाटसरू कुठवर पोहोचले हे त्यांच्या रजेच्या अर्जांवरून कळते. दुसऱ्या मार्गाचे वाटसरू अर्ज करत नाहीत, गुणगुणतात. म्हणून पंडितांनी त्यांच्याकडे काणाडोळा केला असावा. प्रस्तुत प्रबंध त्यांच्या बाजूने आहे.

गानमार्गाचा आद्य पाठ म्हणून आम्ही 'दिल्ली का ठग' (१९५८) या चित्रपटातल्या एका गाण्याचे नाव सुचवतो. संगीत रवी यांचे, आवाज किशोर कुमार आणि आशा भोसले यांचे. त्यात मांजर आणि उंदीर यांची स्पेलिंगे अर्थासकट चालीत बसवली आहेत. चालीत बसलेले स्पेलिंग मरेपर्यंत विसरत नाही, हा या मार्गाचा गुण. दोष एवढाच, की ते चालीतूनच बाहेर काढावे लागते. आमचे एक मामा मांजराचे स्पेलिंग आजही मान डोलावल्याशिवाय सांगू शकत नाहीत.

मुळाक्षरांचेही तेच. 'ट्विंकल ट्विंकल'च्या चालीवर एबीसीडी म्हणताना एलपासून पीपर्यंतची पाच अक्षरे एका दमात घ्यावी लागतात आणि 'एलेमेनोपी' असे एकच जोडाक्षर तयार होते. या हिशेबाने इंग्रजी मुळाक्षरे २६ नसून २२ भरतात. राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीला आले, त्याआधी ते पाचवीला भेटायचे. पाचवीतल्या पोराला नाचत एबीसीडी म्हणायला लाज वाटते. सबब आमच्या तालुक्यात जुने लोक सव्वीसवाले आणि नवे बाविसवाले, असे सरळ दोन तट आहेत.

रेल्वे स्टेशन हा या मार्गाचा उपपंथ. मनमाडच्या बाजूने येणारी गाडी उशिरा असली की फलाटावर जी इंग्रजी उद्घोषणा होते तिला स्वतःची अशी एक चाल आहे आणि ती अपडाऊनवाल्यांना तोंडपाठ आहे. त्यामुळे 'इनकन्व्हिनियन्स' हा अवघड शब्द इथे भाजीवालीही अचूक उच्चारते. त्याचा अर्थ 'गाडी लेट' असा आहे.

अर्थावर अडून बसणाऱ्यांसाठी आणखी एक पुरावा. 'अमर अकबर अँथनी'त (१९७७) ईस्टरच्या अंड्यातून बाहेर पडलेला अमिताभ बच्चन जे इंग्रजी फाडतो, त्याचा काही भाग डिझरायलीने १८७८ साली ग्लॅडस्टनला हाणलेल्या टोल्यातून उचललेला आहे. ब्रिटिश पंतप्रधानाचा शेरा आमच्याकडे वरातीत नवरदेवाचे मित्र ठणकावून म्हणतात. ग्लॅडस्टन कोण, हे घोड्याला जितके ठाऊक तितकेच त्यांना. तरी उच्चार चुकत नाही.

आता मुख्य विषय : वाढदिवसाचे गाणे. त्याची चाल अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या मिल्ड्रेड आणि पॅटी हिल या बहिणींची. १८९३ साली ती छापली गेली तेव्हा तिच्यावर वाढदिवस नव्हताच. बालवर्गाने सकाळी म्हणायचे ते 'सुप्रभात' होते. (आमच्या शाळेत गुरुजी वर्गात आले की पोरे 'गुऽऽड मॉर्निंऽऽग' अशी जी हेल काढून आरोळी ठोकतात, भर दुपारीसुद्धा, ती त्याच घराण्यातली.) पुढे शब्द बदलले आणि त्यांच्या हक्काचा वाद अमेरिकेच्या कोर्टात २०१५ पर्यंत गाजला. नांदगावचा वाद वेगळा आहे, आणि तो तिसऱ्या ओळीत आहे.

तिसऱ्या ओळीत 'डिअर' येतो आणि त्याच्यापुढे नाव घालायचे असते. 'सोनू' घाला, ओळ सुखाने नांदते. 'ज्ञानेश्वर' घातले की निम्मे लोक पुढच्या ओळीत पोहोचतात आणि निम्मे 'श्वर'वर अडकतात. भावी नगरसेवकांचा केक भर चौकात कापला जातो, तेव्हा 'डिअर'नंतर कोणी 'भाऊ' म्हणतो, कोणी 'दादा', कोणी 'साहेब'. तिथे गाणे मोडून घोषणा सुरू होतात. हे सगळे छंदशास्त्राचे प्रश्न आहेत, सुटतील.

न सुटणारा प्रश्न शेजारच्या आबांच्या पंचाहत्तरीला उभा राहिला. नातवंडांनी 'डिअर आबा' म्हटले, सुनांनी ओठ हलवले. आजी केकला अगदी खेटून उभ्या. पन्नासहून अधिक वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याचे नाव घेतले ते फक्त उखाण्यात. पहिल्या दोन ओळी त्या खणखणीत म्हणाल्या. तिसरी आली. आम्ही कान टवकारले. 'डिअर' ऐकू आला, पुढे क्षणभर टाळ्यांचा आवाज, आणि मग पदर तोंडाला लावून आजी म्हणाल्या, "अहो."

'डिअर अहो'! अर्धे केंटकी, अर्धे माजघर. मात्राही चोख बसतात. तर्खडकरांच्या एकाही पाठात हे संबोधन सापडत नाही.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी आजोबांचा वाढदिवस जवळ आला असेल त्यांना विनंती, की तिसऱ्या ओळीला आजींच्या बाजूला उभे राहावे आणि जे कानावर पडेल ते मेणबत्ती विझायच्या आत लिहून घ्यावे. नंतर विचारलेत तर त्या 'काही नाही म्हटलं' असेच सांगतील.