साडूंचं फ्लोरेन्स

आमचे साडू फ्लोरेन्सला अजून गेलेले नाहीत. पण जाऊन आलेल्यांना गाठून त्यांचं काय काय बघायचं राहिलं, ते सांगत असतात. गेल्या दिवाळीत त्यांच्या सोसायटीतले एक गृहस्थ बसने युरोप दर्शन करून आले होते. फराळाला बोलावलं म्हणून बिचारे हौसेने मोबाइलवरचे फोटो दाखवायला बसले.

"डेव्हिडचा पुतळा पाहिलात?" साडूंनी विचारलं.

"पाहिला की! एक राजवाड्यासमोरच्या चौकात, आणि दुसरा वर टेकडीवर, हिरवट रंगाचा. दोन झाले आमचे."

"दोन्ही डुप्लिकेट." साडूंनी चकली मोडली. "चौकातला १९१० साली बसवलाय. टेकडीवरचा ब्राँझचा. ओरिजिनल १८७३ पासून अकादेमिया संग्रहालयाच्या आत आहे. पाच मीटर सतरा सेंटिमीटर. तिथे गेलाच नाहीत?"

"तिथे बस थांबत नव्हती," गृहस्थ म्हणाले. त्यानंतर त्यांनी करंजीला हात लावला नाही.

साडू पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले. मूळचे कोल्हापूरचे, आता पुण्यात स्थायिक. बोलतात शुद्ध, पण मन भरून आलं की जीभ पंचगंगेकडे वळते. चित्रकलेशी त्यांचा संबंध विचाराल तर घरात एकच चित्र आहे, आणि ते बँकेच्या कॅलेंडरवरचं आहे. मग फ्लोरेन्सच का? तर तिथल्या कॅथेड्रलच्या घुमटामुळे. ब्रुनेलेस्की नावाच्या माणसाने १४२० ते १४३६ या काळात तो अवाढव्य घुमट उभा केला, आणि खालून लाकडी आधार न देता, हे त्यांनी कुठेतरी वाचलं आणि रात्री साडेदहाला मला फोन केला.

"पाव्हणं, सेंटरिंग न्हाई!"

मला वाटलं, कुठला तरी पूल पडला.

"अहो, चाळीस लाखांवर विटा, आणि सेंटरिंग न्हाई! एकात एक दोन घुमट. विटा तिरक्या गुंफल्यात, त्या एकमेकींना धरून बसतात. आणि दोन्हींच्या मधून जिना!"

त्या जिन्याला ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. तेव्हापासून साडू पहाटे पर्वतीला जातात. एक घुमट म्हणजे चार पर्वत्या आणि वर थोडं, असा त्यांचा हिशेब आहे. ते 'थोडं' कुठे मोजायचं हा प्रश्न त्यांनी सोसायटीच्या जिन्यावर सोडवला. शेजारच्या घंटाघराला ४१४ पायऱ्या आहेत. ते त्यांनी 'दुसऱ्या टप्प्यात' टाकलं आहे.

आता त्यांच्या सहलीचा तक्ता. असे तक्ते करणारी माणसं आपल्याकडे घरटी एक असतातच. लग्नाच्या पंगतीपासून कोकणच्या सहलीपर्यंत त्यांच्याशिवाय पान हलत नाही आणि त्यांच्यामुळे कुणाला नीट जेवताही येत नाही. पण साडूंचा तक्ता खात्याच्या शिस्तीतला. मोठ्या कागदावर आडवे दिवस, उभी पंधरा-पंधरा मिनिटं, चालण्याला निळी पट्टी, रांगेला लाल. उफ्फिझी या संग्रहालयासमोर 'बोत्तिचेल्ली: व्हीनसचा जन्म, ८ मि.; प्रिमावेरा, ६ मि.' अशी नोंद आहे. प्रिमावेराला दोन मिनिटं कमी का, तिच्यात तर माणसं जास्त आहेत, असं मी विचारलं. "ती जवळच आहे," साडू म्हणाले, "चालायचं वाचतं."

मेव्हणीने तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि एवढंच विचारलं, "अहो, यात बसायचं कधी?"

दुसऱ्या दिवशी सुधारित तक्ता आला. सायंकाळी पाच दहा ते साडेपाच, 'बसणे (सौ.)'.

कलाकृतींपेक्षा त्यांचा जीव रमतो तो तिथल्या मेदिची राजघराण्याच्या कारभारात. वझारी नावाच्या वास्तुकाराने १५६५ साली, राजपुत्राच्या लग्नाच्या निमित्ताने, ड्यूक कोसिमोसाठी कचेऱ्यांपासून नदीपलीकडच्या पित्ती राजवाड्यापर्यंत उंचावरून जाणारा बंदिस्त मार्ग बांधला. रस्त्यावर पाऊल न टाकता घरून कामावर. आणि बांधकाम किती दिवस? जेमतेम पाच महिने! हे सांगताना साडूंचा चेहरा एकदम पडतो. बहुधा आपला एखादा कालवा आठवत असावा. हा मार्ग पोंते व्हेक्कियो या जुन्या पुलावरून जातो. पुलावर तेव्हा खाटकांची दुकानं होती. १५९३ साली पुढच्या एका ड्यूकने ती उठवली आणि तिथे सोनार बसवले. आजही सोनारच आहेत.

"बघा," साडू म्हणतात, "अतिक्रमण हटवलं आणि ते परत बसलं न्हाई. चारशे वर्षं! चित्रं काय, कुणीही काढंल."

खाण्याचा रकाना मात्र लहान आहे. तोस्काना प्रांतातल्या पावात मीठ नसतं एवढं कळल्यावर त्यांनी तिथे 'कांदा-लसूण चटणी सोबत' असं लिहिलं आणि विषय मिटवला.

प्रकृतीचं प्रकरण जास्त गाजलं. स्तांदाल हा फ्रेंच लेखक फ्लोरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमधून बाहेर पडला तेव्हा त्याला धडधडायला लागलं, पडतो की काय असं वाटलं, असं त्याने १८१७ च्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलंय. पुढे तिथल्याच एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी कलाकृती पाहून भोवळ येणाऱ्या प्रवाशांचा अभ्यास केला आणि त्या विकाराला स्तांदालचं नाव दिलं. साडूंनी लगेच विम्याच्या एजंटाला फोन लावला. शेंगेन व्हिसाला तीस हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतंच, पण त्यात हे बसतं का? एजंट म्हणाला, "काका, आधीपासून आहे का?" साडूंनी थोडा विचार करून "नाही" असं सांगितलं. मेव्हणीचं मत, ज्याच्याकडे मिनिटा-मिनिटाचा हिशेब आहे त्याला भोवळ यायला वेळ कुठला!

एवढी तयारी झाली तरी व्हिसाचा अर्ज काही जात नव्हता. सगळ्या रकान्यांत टाइप केल्यासारखं अक्षर. फक्त प्रवासाची तारीख कोरी. याचं कारण सोमवार. उफ्फिझी सोमवारी बंद, अकादेमिया सोमवारी बंद. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट, म्हणजे आषाढीची दर्शनबारी. तो रविवारही बाद. कार्यक्रम सात दिवसांचा, आणि सात दिवसांत एक सोमवार येणारच, ही गोष्ट त्यांना पटत नव्हती. मंगळवारी सुरू केलं तर शेवटी येतो, शुक्रवारी केलं तर मधोमध. "भाकड दिवस," ते म्हणायचे. सात दिवसांचे सहा करा म्हटलं तर, "काय कमी करू? घुमट?"

मी सहज म्हटलं, "भाऊसाहेब, तुमच्या कोल्हापूरचे महाराज तिथेच वारले ना?"

साडू गप्प झाले. शाळेत असताना त्यांनी हे ऐकलं होतं, पण 'फ्लोरेन्समधील दहा प्रेक्षणीय स्थळे' अशा एकाही यादीत ते नव्हतं. छत्रपती दुसरे राजाराम महाराज. विलायतेचा दौरा करून परत निघालेले, वय अवघं विशीचं, आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लोरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. शहर तेव्हा इटलीची राजधानी होतं. आपल्या रीतीने दहन करायचं तर संगम उत्तम. आर्नो आणि मुन्योने या नद्या मिळतात तिथे, गावाच्या पश्चिम टोकाला, दहन झालं. १८७४ साली त्या जागी छत्री उभी राहिली, खाली महाराजांचा फेटा बांधलेला रंगीत अर्धपुतळा. शेजारच्या मोठ्या पुलालाही तिथले लोक 'भारतीयाचा पूल'च म्हणतात.

साडूंनी नकाशा उघडला. छत्री त्यांच्या कागदाच्या बाहेर पडत होती. त्यांनी दुसरा कागद चिकटवला.

"ह्याला तिकीट?"

"नाही."

"बुकिंग?"

"उघड्यावर आहे, भाऊसाहेब. बागेच्या टोकाला."

"सोमवारी?"

"सोमवारी कोण बंद करणार?"

साडू उठून आत गेले आणि लाल पेन घेऊन आले. तेवढ्यात मेव्हणीने माझ्या मोबाइलवर छत्रीचा फोटो पाहिला. कास्चिनेची बाग, झाडंच झाडं, कडेने नदी. तिने फोटो मोठा केला, पुतळा बाजूला सारला आणि सावली कुठवर आहे ते पाहिलं.

"हे बरंय," ती म्हणाली. "इथे मी दिवसभर बसेन. ह्यांना त्या घुमटावर किती वेळा चढायचं तेवढं चढू दे."

रात्री पावणेबाराला साडूंचा मेसेज आला. तक्त्याची नवी प्रत, एक कागद वाढलेला, आणि खाली एकच ओळ: 'पाव्हणं, आठ दिवस धरले तर दोन सोमवार बसतात. बघून सांगा.'