दारामागच्या काठीस खुले पत्र

प्रति,
श्रीमती काठीबाई,
मु. मागीलदाराच्या आड, पो. पडवी.

विषय : आपल्या प्रदीर्घ सेवेचा आढावा आणि बदलीचा हुकूम.

महोदया,

सा. दंडवत. हा शब्दच मुळी आपल्या घराण्यातला, म्हणून नमस्कार न घालता दंडवत घालतो.

आजोबांनी बागेतला चिवा तोडून, निखाऱ्यावर शेकून सरळ केला आणि आपल्याला मागीलदारी उभं केलं, त्याला साठ वर्षं होत आली. तेव्हापासून ‘जनावर! जनावर!’ अशी हाक उठली की घरातली माणसं बाकड्यावर चढतात आणि आपण, ज्याच्या हाती लागाल त्याला ओढत, पुढे होता. वर्षातून हक्काची रजा एकच, नागपंचमीची. त्या दिवशी घरात चिरायचं नाही, तळायचं नाही, खणायचं नाही. पाटावरच्या नागाला दूध-लाह्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण पुन्हा कामावर हजर. एवढी निष्ठा पाहून परवा आपलं सेवापुस्तक काढून बसलो, आणि मग मात्र थोडी पंचाईत झाली.

पहिली मोठी नोंद धामणीची. सात फूट लांब, भाताच्या कणगीखालून निघालेली. तिच्यावर आरोप दोन : ती नागाची बायको, आणि ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते. आरोपीचं म्हणणं ऐकून घेण्याची पद्धत आपल्या न्यायालयात नाही. नाहीतर ती म्हणाली असती की धामणींत नर असतात, नागांत माद्या असतात, दोघांचं गोत्र जुळत नाही. आणि ओढून दूध प्यावं असं सापाचं तोंडच नाही. विष तर तिला नाहीच. ती उंदरांसाठी आली होती. आपण तिला खळ्यात आडवी केलीत. त्या पावसाळ्यात उंदरांनी बियाण्याचं दोन पोती भात फस्त केलं. आम्ही सापळा आणला, औषध आणलं, शेवटी मांजर आणलं. मांजर कामचुकार निघालं.

दुसरी नोंद दिवडीची, विहिरीवर. ती चिडकी, चावरी, पण बिनविषारी. बेडूक आणि मासे यांपलीकडे तिचं जग नाही. तिसरी नोंद न्हाणीघरातला कवड्या. पालीच्या मागे भिंत चढत होता, ‘मण्यार’ म्हणून गेला. मण्यार काळी-निळी, चकचकीत. पांढरे बारीक पट्टे बहुधा जोडीजोडीने, मानेच्या बरेच खाली सुरू होणारे आणि शेपटीकडे ठळक होत जाणारे. कवड्या तपकिरी, त्याचे पट्टे मानेपासूनच ठसठशीत आणि शेपटीकडे पुसट. हे मला पुस्तक वाचून कळलं, तेही कवड्याला पुरून आल्यावर. आपल्या हद्दीत ओळखपरेड नेहमी प्रेताचीच होते. जिवंतपणी ती करायला जवळ जावं लागतं, आणि जवळ जाण्यासारखा गाढवपणा नाही. चौथी नोंद बागेतल्या पाण्याच्या नळीची. तिच्यावर आपण सात घाव घातलेत. नळी सरकारजमा झाली. तिची किंमत अजून आपल्या खाती आहे.

आता फुरशाकडे येतो. इथे आपली बाजू भक्कम आहे, हे कबूल. आपला रत्नागिरी जिल्हा म्हणजे सडा आणि जांभा. त्या दगडांच्या फटीत फुरसं राहणारच. वीतभर-दीडवीत जीव, मातीच्या रंगाचा. डिवचलं की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासतं आणि तापल्या कढईत पाण्याचे थेंब पडावेत तसा आवाज काढतं. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने या जिल्ह्यात फुरशामागे बक्षीस लावलं होतं. आपल्या पूर्वजांनी ती मोहीम अशी गाजवली की मेलेल्या फुरशांचे आकडे लाखांत गेले. सरकार गेलं, बक्षीस गेलं. फुरसं कालच गडग्याच्या फटीत दिसलं.

आणि याच फुरशाच्या प्रकरणात आपल्यावर एक शेरा मारणं भाग आहे. नारळाच्या सोडणांच्या ढिगाशी काकांनी आपल्या हस्ते एक फुरसं मारलं. ‘एक असलं की जोडीदार असतोच, आणि तो डूख धरतो,’ असं शेजारी म्हणाले. डूख धरण्याची विद्या कोकणात भाऊबंदांना अवगत आहे. सापाच्या नावावर सातबारा नसल्याने त्याला ती कधी लागली नाही. पण काकांनी आपल्याला भिंतीला टेकवलं आणि जोडीदार शोधायला ढिगात हात घातला. तिथे दुसरं फुरसं खरंच होतं. ते कुणाचं जोडीदार होतं की नाही, देव जाणे. बोटाला चावलं.

पान लागलं, अशी कुजबुज वाडीभर पसरली आणि वाडी धावून आली. एकाने सुंभाने मनगट आवळलं, दुसऱ्याने पातं शोधलं, तिसरा मंत्र घालणाऱ्याला आणायला निघाला. चौथा म्हणाला, साप बरोबर न्यायला हवा, नाहीतर डॉक्टर इंजेक्शन कुठलं देणार? म्हणून आपण पुन्हा ढिगावर. पाऊण तास त्यात गेला. सुंभ न आवळता, अंगठी काढून, हात न हलवता तडक दवाखाना गाठायचा, एवढं एकच काम होतं, आणि ते कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी बरणीतल्या फुरशाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी काकांचं थोडं रक्त काचेच्या कोऱ्या नळीत घेतलं, नळी उभी ठेवली आणि घड्याळाकडे बोट केलं. वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही. वीस मिनिटांनी त्यांनी ती तिरकी केली. रक्त गोठायला हवं होतं. ते कोकमाच्या सरबतासारखं एका बाजूला वाहत आलं. तेवढ्यावर त्यांनी सलाईन लावलं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चौघांवर मिळून लस एकच. मुंबईच्या हाफकिनसारख्या संस्थांत ती घोड्यांच्या रक्तातून तयार होते. तेव्हा इंजेक्शन ठरवायला साप लागत नाही. काका वाचले. बरणी बसस्टँडवर विसरली.

महोदया, आता सगळ्यात नाजूक बाब. सेवापुस्तकात मण्यारीचं पान कोरं आहे. साठ वर्षांत एकही नाही. कारण मण्यार आपल्या कामाच्या वेळात येत नाही. ती मध्यरात्रीनंतर येते, सतरंजीवर जमिनीशी झोपलेल्या माणसाच्या अंगावरून जाते, आणि त्याने कूस बदलली तर चावते. डास चावल्याइतकंही दुखत नाही. पुष्कळदा माणूस जागाही होत नाही. पहाटे पोटात कळ येते, घरचे सोडा-लिंबू देतात. मग पापण्या मिटू लागतात, घास गिळवत नाही, श्वास अडकतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसं दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या किती घरांत आपली एखादी बहीण दारामागे ताठ उभी असेल, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

दोष आपल्या एकटीचा नाही. पाहुण्याला आवतण आम्हीच धाडतो. चुलीची लाकडं भिंतीला लावून रचतो, शेणींची रास पडवीत, फुटके चिरे दाराशी, उष्टं-खरकटं मागीलदारी. उंदीर येतो, त्याच्यामागे साप येतो, त्याच्यामागे आपण. दाराखालची दोन बोटांची फट बुजवायला गोणपाट पुरे. तो काही साठ वर्षांत मिळाला नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने साप मारणं हा गुन्हा आहे. आजवर आपलं नाव कुणी घेतलं नाही, हे आपलं नशीब.

म्हणून आपली बदली करण्यात येत आहे. नव्या जागेचं काम असं :

तिन्हीसांजेनंतर खळ्यात किंवा बागेत जाताना विजेरीबरोबर आपण पुढे. दर पावलाला जमिनीवर जोरात आपटायचं. सापाला जमिनीचा हादरा अंगभर कळतो. वाटेतला बहुधा सरकतो. ‘साप म्हणून भुई धोपटणे’ असं म्हणून लोक आजवर हसत आले. हसू देत. यापुढे आपण भुईच धोपटायची आणि साप सोडून द्यायचा.

लाकूड, शेणी, सोडणं ढिगातून ओढायची ती आपण, हात मागाहून.

साप दिसला तर जागच्या जागी उभं राहायचं. पोरांना आणि कुत्र्याला मागे ठेवायचं, तो कुठे शिरतो त्यावर लांबून डोळा ठेवायचा आणि सर्पमित्राला फोन करायचा. फोन आम्ही करू, आपल्याला बोटं नाहीत.

आणि रात्री, जमिनीवरच्या अंथरुणाच्या वर स्वतःला आडवं बांधून घ्यायचं. आपल्यावर मच्छरदाणी टाकली जाईल, तिच्या कडा गादीखाली खोचल्या जातील. मण्यारीशी आपली गाठ पहिल्यांदाच पडेल, आणि कुणाला मारल्यावाचून आपण जिंकाल.

आपला,
बाकड्यावर चढून हाका मारणारा,
घरचा कर्ता

प्रत : मांजर, मु. चुलीजवळ. (उंदरांबाबत सात दिवसांत खुलासा करावा.)

ता. क. : आज सकाळी गडग्यावर धामणीची कात सापडली, चांगली सहा फुटी. आईने सवयीने दारामागे हात घातला, तो रिकामाच परत आला. आपण अजून मच्छरदाणीत होता.