नीर इल्ल, मीन यल्लि?

अक्कलकोट तालुक्यातल्या मैंदर्गीत राहून मासेमारीची जुनी रिळं जमवणारा माणूस वेडाच असला पाहिजे, यावर आमच्या गावात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत एकमत आहे. एरवी इथं एकमत व्हायला निवडणूक बिनविरोध व्हावी लागते. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांत अंडंसुद्धा उंबरा ओलांडत नाही. पलीकडच्या अव्वांनी तर पहिलं रीळ बघताच चष्मा वर केला आणि विचारलं, "नीरऽ इल्ल, मीन यल्लि?" पाण्याचाच पत्ता नाही, तर मासा कुठला? प्रश्न चोख होता. भीमा तालुक्याच्या पार दक्षिणेला, बोरी कुरनूरच्या धरणात अडवलेली. तिथं मासे धरणारे आहेत, पण ते जाळं टाकतात, नाहीतर काठीला दोरी बांधून गळ. रीळ कशाला लागतं म्हणतात.

मग रिळं मिळतात कुठं? भंगारात. सोलापुरातला भंगारवाला सांगतो, रेल्वेच्या बंगल्यातला साहेब गेला आणि पेटी मागं राहिली. भंगारातल्या प्रत्येक वस्तूचा पहिला मालक साहेबच असतो, त्यामुळे ते मी मनावर घेत नाही. तिथं वस्तूला नाव नसतं, वजन असतं, आणि त्यातच आपलं हित असतं. मूठ चुकूनही फिरवायची नाही. आतून 'कर्रर्र' आवाज आला की दुकानदाराचे कान टवकारतात आणि किलोचा भाव नगावर येतो. आधी शेजारच्या फुटक्या स्टोव्हची चौकशी करायची, त्याला नाकं मुरडायची, आणि उठता उठता "हे काय, शिलाई मशीनचं आहे का?" म्हणायचं. एकानं "होय, सिंगरचं!" म्हणून तिथल्या तिथं भाव चढवला. बोलणार काय? सिंगर मीच सुचवलं होतं.

पुण्याच्या जुन्या बाजाराची गोष्ट वेगळी. रविवारी आणि बुधवारी तिथं जाणारी माणसं शिकलेली, आणि विकणारी त्यांच्याहून जास्त. दांडा असलेली कुठलीही गोल वस्तू तिथं 'हार्डी' असते. खरी हार्डी इंग्लंडमधल्या अॅनिकची. तिचं 'परफेक्ट' नावाचं, बॉल बेअरिंगवर फिरणारं रीळ 1891 सालचं. त्याच सुमाराला मुंबईला पाणी पाजायला पवईचा तलाव बांधला गेला. त्याच्या काठावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनची हौशी मंडळी आजही गळ टाकून बसतात. त्यांच्याकडे पाणी आहे, मासे आहेत. त्यामुळे रिळाकडे नीट बघायला त्यांना सवड होत नसावी. आमचं तसं नाही. आमचं सगळं लक्ष रिळावर.

घरात मात्र शुद्धाशुद्धतेचा प्रश्न उभा राहिला. पहिलं रीळ निव्वळ पितळेचं, हस्तिदंती मुठीचं. "ह्याला मासा लागलेला असणार, स्वयंपाकघरात येता कामा नये," असं बायकोनं बजावलं. आईनं निवाडा दिला, "पितळ कुठं मासे खातं?" आणि समई घासायच्या चिंचेनं ते लखलखीत करून ठेवलं. जाणकार सांगतात, जुन्या पितळेवरचा काळपट रंग कधी घालवू नये, किंमत तिथंच असते. आईला हे कोण सांगणार? तिच्या लेखी काळं पितळ म्हणजे सुनेचा आळस.

दुसरं मिशेल 300. फ्रेंच, काळं, अंड्याच्या आकाराचं (अव्वांना हे सांगितलेलं नाही). आतलं ग्रीस वाळून दगड झालेलं. रात्रभर रॉकेलमध्ये बुडवूनही मूठ हलेना, तेव्हा अक्कलकोटच्या घड्याळजींकडे नेलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, झाकण काढलं, दातेरी चाकं बघितली आणि माझ्याकडे संशयानं पाहिलं. "हे मासे धरायचं नाही. हे घड्याळवाल्याचं काम आहे."

माणूस बरोबर बोलला. मिशेल बनायचं क्लूझ गावात, आणि ते खोरंच घड्याळाचे सुटे भाग करणाऱ्यांचं. स्वीडनची 'आबू' कंपनी 1921 साली घड्याळांचा कारखाना म्हणूनच निघाली. मग टॅक्सीचे मीटर केले, आणि महायुद्धात मीटरला गिऱ्हाईक राहिलं नाही तेव्हा रिळांकडे वळली. माशांच्या प्रेमापोटी कुणी काही केलेलं दिसत नाही.

राहिलेली कसर मामांनी भरून काढली. मामांचं आयुष्य अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर गेलं. दुरुस्त झालेलं मिशेल त्यांनी हातात घेतलं, दोरा ओढून बघितला. रीळ जागचं हललं नाही, दोरा टोकावरून सुळकन निसटला. "अरे, ही तर धोट्यातली कांडी!" आता या मामांना इलिंगवर्थ कोण ते ठाऊक नाही. यॉर्कशायरच्या लोकर-गिरण्यांतल्या या माणसानं 1905 साली न फिरणाऱ्या रिळाचं पेटंट घेतलं, तेही गिरणीतल्या सुताची चाल बघून. तोवर सोलापूरच्या जुन्या गिरणीला, म्हणजे 1877 सालच्या, पाव शतक उलटून गेलं होतं. म्हणजे कांडी आमच्याकडेही होती, सूतही होतं. पाणी असतं तर पेटंट सोलापूरचं झालं असतं, असं मामांचं ठाम मत आहे.

चाचणी घ्यायची तर गच्चीच. गळाऐवजी दोऱ्याला नट बांधला आणि फेकला. मिशेल इतकं गुळगुळीत चाललं, की नट दोन गच्च्या ओलांडून वाळत घातलेल्या चादरीत अडकला. मी मूठ फिरवली. चादर दोरीवरून सुटली आणि आमच्या दिशेनं येऊ लागली. मागोमाग चादरीच्या मालकीणबाई जिना चढून आल्या.

मामांनी चादर हातात घेतली, उन्हाकडे धरली, दोन बोटांत चोळली. "वहिनी, ही सोलापुरी म्हणून दिली का तुम्हाला? बाणा किती विरळ मारलाय बघा. कितीला घेतली?"

बाईंनी आकडा सांगितला. मामांनी कपाळाला हात लावला. मग दोघं मिळून त्या दुकानदाराकडे निघाले, आणि मी दोरा गुंडाळायला मोकळा झालो.