बावीस दाण्यांचं प्रकाशवर्ष

येरमाळ्यात संध्याकाळी ओसरीवर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. बार्शीला आज सोयाबीन काय भावानं गेलं, कळंबची गाडी गेली का, यात्रेला यंदा पाहुणे किती. नातवानं मात्र वही पुढं केली आणि विचारलं, "आबा, एक प्रकाशवर्ष म्हणजे किती नॅनोमीटर?"

मी हिशेबाला कच्चा नाही. आमच्या वेळी 'कि-हे-डे-मी-डे-सें-मि' हा मंत्र पाठ असल्याशिवाय वर्गात बसू देत नसत. एक पायरी खाली उतरलं की एक शून्य पदरात. पण तो मंत्र किलोला सुरू होऊन मिलीला संपायचा. त्याच्या अलीकडचं-पलीकडचं मोजायची वेळ गुरुजींवर आली नव्हती आणि आमच्यावर येईल असं त्यांना वाटलंही नसावं. मिलीमीटरचे दहा लाख भाग केले की त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. आणि प्रकाश वर्षभर न थांबता चालला की जेवढं अंतर तोडतो ते प्रकाशवर्ष, म्हणजे 9.46 लाख कोटी किलोमीटर. एकाचं दुसऱ्यात करायचं म्हणजे फक्त शून्यं जोडत जायची. लाख कोटीची बारा, किलोमीटरचे मीटर करताना तीन, मीटरचे नॅनोमीटर करताना नऊ. झाली चोवीस. त्यातली दोन 9.46 मधलं दशांशचिन्ह खाऊन टाकतं. उरली बावीस.

सांगायला सोपं आहे. लिहिताना मी एकदा एकवीस काढली, एकदा चोवीस, आणि खोडून खोडून वहीचं पान फाडलं. मग शहाणपण सुचलं. ओसरीतच शाळू वाळत टाकला होता. शहाबादी फरशीवर खडूनं 946 लिहिलं आणि पुढं एकेक दाणा मांडत गेलो. टपोरे, मोत्यासारखे बावीस दाणे. नातू बोट ठेवून मोजत होता. आम्ही दोघं इतके गढून गेलो की कोंबडी कधी आली ते कळलंच नाही. तिनं शेवटून तिसरा दाणा टिपला आणि सगळं प्रकाशवर्ष एका दमात दहा पटींनी आखूड झालं. सव्वाचार प्रकाशवर्षं लांब असलेला सूर्याचा सगळ्यात जवळचा शेजारी तारा कुठल्या कुठं पुढं सरकला. कोंबडी मात्र दुसऱ्या दाण्याकडं बघत होती.

"काय मांडलंय हे?" सौभाग्यवती दारातून म्हणाल्या. "दिवस कासराभर राह्यलाय, जनावरं पाण्यावर न्यायचीत अजून."

मी चमकलो. पृथ्वीपासून सूर्य साधारण पंधरा कोटी किलोमीटर. आणि ही बाई बैलाच्या कासऱ्यानं त्याची उंची मोजून मोकळी झाली. शून्य एकही वापरलं नाही. गावातल्या कुणालाही विचारा, कासराभर दिवस म्हणजे किती ते त्याला बरोबर कळतं, आणि तो त्या वेळेला धारा काढायला हजरही असतो.

मोठ्याचं लहान करायची कला आमच्याकडं अशी मुरलेली आहे. रस्त्यावरच्या माणसाला कुंथलगिरीची वाट विचारा. "हे काय, हितंच," म्हणेल. हे 'हितं' चालणाऱ्याच्या पायानं मोजायचं की सांगणाऱ्याच्या, ते त्यानं कधी सांगितलेलं नाही. गावाजवळून सोलापूर-धुळे महामार्ग जातो. पूर्वी तो 211 नंबरचा होता, आता 52 नंबरचा आहे. त्यावर दर किलोमीटरला दगड आहे. पण दगड बघून वाट सांगणारा माणूस मी आजवर पाहिला नाही.

लहानाचं मोठं करण्यात तर आमचा हात कुणी धरू नये. त्याचं ठिकाण म्हणजे बांध. शेजारी दर नांगरटीला बोटभर बांध कोरतो. बोटभर म्हणजे दोन सेंटीमीटर धरा. पहिल्या वर्षी कळत नाही. दुसऱ्या वर्षी वाटतं, आपलीच नजर गेली असावी. तीस वर्षांनी बांध दोन फूट सरकलेला असतो. बांधाची लांबी शंभर मीटर असली तर साठ चौरस मीटर गेले, म्हणजे अर्ध्या गुंठ्याच्या वर. मग मोजणी येते, खुणा रोवल्या जातात, रात्री त्या उपटल्या जातात, तारखा पडतात. माझ्या माहितीतल्या दोन चुलतभावांनी एका बोटाचं रूपांतर इतक्या लांब अंतरात केलं की एकाच वाड्यात राहून त्यांना एकमेकांच्या घरी जायला बावीस वर्षं लागली. शेवटी गेले तेही मयतीला.

दर वर्षी बोटभर कोरणाऱ्याला मी पूर्वी फार शिव्या द्यायचो. पुढं वाचनात आलं की खुद्द मीटरचाच बांध कोरलेला आहे. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, असं फ्रान्समध्ये ठरलं. देलांब्र आणि मेशें हे दोघं 1792 साली मोजणीला निघाले आणि डंकर्क ते बार्सिलोना मोजता मोजता 1798 उजाडलं. एवढं करून मीटर मिलीमीटरच्या पाचव्या हिश्श्यानं आखूड भरला. तो तसाच राहू दिला. पृथ्वी कोर्टात गेली नाही म्हणून निभावलं. 1983 पासून मीटरचं माप प्रकाशाच्या वेगावरून ठरतं, त्यामुळं आता कोरायला जागा नाही.

आपल्याकडं बारीक मापं नव्हती असं मात्र कुणी समजू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठ परमाणूंचा रथाच्या चाकानं उडालेला एक धूलिकण, तसे आठ कण म्हणजे एक लीख, आठ लिखांची एक ऊ, आठ उवांचा एक जव आणि आठ जवांचं एक अंगुळ असं कोष्टक आहे. हे ऐकून नातीची वेणी घालत बसलेल्या सौभाग्यवतींनी फणी थांबवली. "उवा मोजायला राजाचा प्रधान लागतो व्हय?" मी दुर्लक्ष करून हिशेब केला. अंगुळ पाऊण इंचाचं धरलं तर कौटिल्याचा परमाणू 580 नॅनोमीटरच्या आसपास येतो. पिवळ्या उजेडाच्या लाटेची लांबी जवळपास तेवढीच असते. हा निव्वळ योगायोग आहे हे मला कळतं, तरी मी ते नातवाला दोनदा सांगितलं.

मोठ्या बाजूला भास्कराचार्य आहेत. 'लीलावती'त त्यांनी एकं, दहं करत परार्धापर्यंत नावं दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. म्हणजे आमचं उत्तर साडेनऊ कोटी परार्धाला थोडं कमी. नातवाला हा आकडा आवडला नाही. त्याला हातात धरता येईल असं काहीतरी हवं होतं.

तेही इथं आहे. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत येडाई देवीची पालखी आमराईकडं निघते, तेव्हा चुन्याच्या रानात भाविक खडे वेचतात. त्यानंही वेचले होते. सेंटीमीटरभराचा एक खडा त्यानं दप्तरातून काढला. "हा किती नॅनोमीटर?" एक कोटी. त्याचा चेहरा असा उजळला की विचारू नका. येरमाळ्यात दर चैत्राला हजारो माणसं खिशात कोटी घालून घरी जातात आणि आयकर खात्याला पत्ता नसतो.

एवढं अफाट आणि एवढं बारीक एकाच जागी मोजायचं काम आता आपल्या मराठवाड्यातच व्हायचं आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रानं तिला 2023 च्या एप्रिलमध्ये 2,600 कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढा फरक पडला तरी तो टिपायचा. असा फरक अमेरिकेतल्या लायगोनं 14 सप्टेंबर 2015 ला पहिल्यांदा टिपला. सुमारे 130 कोटी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली होती, त्याचा तो हेलकावा. औंढ्याला नामदेवांच्या कीर्तनासाठी अख्खं देऊळ फिरलं, असं आपण ऐकत आलोय. ते कुणी मोजलं नाही. आता तिथं नॅनोमीटरसुद्धा डोंगराएवढा वाटेल.

नातवानं वहीत उत्तर लिहिलं, 946 आणि पुढं बावीस शून्यं. तुम्हाला खात्री करायची असेल तर दाणे मांडून बघा. फक्त कोंबड्या आधी डालून ठेवा.