कोलाचे, पण कोणाचे?

सीडर रॅपिड्स, आयोवा

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर "आम्ही कोलाचे खायला गेलो होतो" म्हटलं, तर आईनं विचारलं, "कोणाचे?" तेवढ्यात फोन कटला. तर आई, चेक लोकांचे! कोलाचे म्हणजे गोडसर, लुसलुशीत पाव. मधल्या खळग्यात जर्दाळू नाहीतर खसखस. पण खसखस काळी. चिरंजीव भर गर्दीत ओरडले, "बाबा, मुंग्या!"

गावाचं नाव स्पिलव्हिल, इथून गाडीनं दोनेक तास. वस्ती चारशेच्या आत. आपल्या गणपती आळीत आरतीला याहून जास्त माणसं असतात. १८५० नंतर चेक शेतकरी इथे येऊन राहिले आणि १८६० मध्ये त्यांनी सेंट वेन्सेस्लॉसचं चर्च उभारायला घेतलं. अमेरिकेतलं हे सर्वात जुनं चेक कॅथलिक चर्च. आमच्या इथल्या मराठी मंडळाचं अजून साधं कपाट झालेलं नाही, पण त्याची किल्ली कोणाकडे राहणार यावरून दोन तट मात्र झालेत.

१८९३ च्या जूनमध्ये थोर चेक संगीतकार आंतोनिन द्वोर्झाक बायको आणि सहा मुलांना घेऊन इथे उन्हाळा काढायला आला. न्यूयॉर्कच्या संगीतशाळेचा तो संचालक, पण जीव मायदेशात अडकलेला. त्याच्या मदतनिसाचे वडील स्पिलव्हिलला मास्तर होते. तो म्हणाला, सुट्टीत आमच्याच गावी चला. इथे येऊन द्वोर्झाक चर्चमध्ये ऑर्गन वाजवू लागला आणि चार तंतुवाद्यांची एक अख्खी रचना त्यानं सोळा दिवसांत हातावेगळी केली. 'अमेरिकन' या नावानं ती आजही जगभर वाजते. हे ऐकून सौ. माझ्याकडे बघत म्हणाली, "सोळा दिवसांत! आपला नळ मार्चपासून गळतोय."

द्वोर्झाक राहिला त्याच घरात आता बिली बंधूंची घड्याळं मांडली आहेत. दोघे ब्रह्मचारी शेतकरी. हिवाळ्यात शेतीची कामं थंडावली की लाकूड कोरत बसायचे. एका घड्याळाला म्हणे हेन्री फोर्डनं दहा लाख डॉलर देऊ केले होते, तरी दिलं नाही. बाबा, आपलं दहा मिनिटं पुढे धावणारं घड्याळ तुम्ही भंगारवाल्याला देऊ दिलं नाहीत, तेव्हा मी हसलो होतो. माफी असावी.

कोलाचे देणाऱ्या आजीबाईंना विचारलं, "घरी चेक बोलता का?" त्या म्हणाल्या, "प्रार्थनेपुरतं आणि खाण्यापुरतं." येताना गाडीत मागच्या सीटवर आपले दोन्ही नातू इंग्रजीतून भांडत होते. सौ. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आपल्याकडे तर प्रार्थनेपुरतंही उरणार नाही."

तेव्हा ठरलंय, येत्या होळीला पुरणपोळी घरीच करायची आणि पुरण वाटताना सगळ्यांनी मराठीतच बोलायचं, भांडण झालं तरी. इकडे येणारं कोणी भेटलं तर त्यांच्याबरोबर आपलं जुनं पुरणयंत्र पाठवावं. खसखस नको. इथे मिळते.

तुमचा,
बंड्या

ता. क. नळ दुरुस्त केला. सतरावा दिवस लागला.